मोटर जळण्याचें मूळ कंडेन्सरांत

मोटर जळल्याची वार्ता शेतकऱ्याच्या घरीं येते ती बहुधा अशाच वेळीं येते कीं, जेव्हां पाण्याची एक पाळी चुकणेंही परवडण्यासारखें नसतें. गहूं ओंबीवर आलेला असतो, मिरचीला फुलें लागलेलीं असतात, किंवा संत्र्याचा आंबिया बहार धरलेला असून झाडांस ऊन झोंबूं लागलेलें असतें. मोटर बाहेर काढणें, ती शहरांत नेणें, नवीन वाइंडिंग भरून आणणें व पुन्हां विहिरींत सोडणें यांत आठवडा सहज जातो. आणि त्या आठवड्यांत पिकाचें जें जावयाचें तें जातें. मग दोष कोणी विजेला देतो, कोणी कारखानदाराला, तर कोणी आपल्या नशिबाला. परंतु पेटी उघडून पाहिली तर पुष्कळदां असें आढळतें कीं, मोटर आपण होऊन मेलेली नाहीं. तिच्या जोडीला दिलेला एक लहानसा डबा, ज्यास खेड्यापाड्यांतून कंडेन्सर म्हणतात व वीज कंपनीच्या कागदांत कॅपॅसिटर म्हणतात, तो आधीं निकामी झालेला असतो व त्याच्या मागोमाग मोटर गेलेली असते. डब्याची किंमत कांहीं शें रुपये, वाइंडिंगची कांहीं हजार, आणि हातच्या पिकाची त्याहून किती तरी अधिक. म्हणून या डब्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

पारशिवनी तालुक्यास हा विषय विशेष लागू आहे. तालुक्यांत पेंच नदीवर नवेगांव खैरी येथें धरण असून त्याच्या उजव्या व डाव्या कालव्यांनीं खालच्या भागांतील धानास व गव्हास पाणी मिळतें. वरच्या अंगास तोतलाडोह येथें १६० मेगावाट शक्तीचें जलविद्युत्केंद्र आहे, आणि नागपूर जिल्ह्यांतच खापरखेडा व कोराडी येथें कोळशावर वीज तयार होते. पाणी आणि वीज हीं दोन्ही अशीं उंबरठ्याशीं असलीं तरी तीं प्रत्येकाच्या वाफ्यापर्यंत पोंचतातच असें नाहीं. नागपूर शहराचें पिण्याचें पाणी याच धरणांतून जातें. शिवाय मध्यप्रदेशांत छिंदवाडा जिल्ह्यांत चौराई येथें पेंचवर धरण झाल्यापासून खालीं येणाऱ्या पाण्यास ओढ लागली आहे. २०१९ सालीं खुद्द नागपूर शहरास एक दिवसाआड पाणी देण्याची पाळी आली होती. मग कालव्याच्या शेवटच्या टोंकाची कथा काय सांगावी? ज्यांचें शेत कालव्याच्या वरच्या बाजूस किंवा टोंकाशीं आहे, त्यांस विहीर आणि बोअर हाच आधार. त्यांतून व्याघ्रप्रकल्पाच्या कडेला असलेल्या गांवांत रात्रीं ओलितास जाणें म्हणजे जिवाशीं खेळ. तेथें दिवसां मिळणारा विजेचा एकेक तास मोलाचा असतो, आणि तोच तास मोटर नुसती गुंगुं करीत बसली तर फुकट जातो.

कंडेन्सर करतो काय?

धातूच्या दोन पातळ थरांमध्यें विजेस अडविणारा पदर घातला म्हणजे कंडेन्सर झाला. इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टा यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस अशा साधनास जें नांव दिलें, त्यावरून कंडेन्सर हा शब्द निघाला. पुढें इंग्रजींत तो मागें पडून कॅपॅसिटर हा शब्द रूढ झाला, परंतु आमच्या मिस्त्र्यांनीं जुनाच शब्द धरून ठेविला आहे. आजच्या कंडेन्सरांत अतिशय पातळ प्लास्टिकच्या पट्टीवर जस्ताचा किंवा ॲल्युमिनियमचा थर वाफेनें चढविलेला असतो, व ती पट्टी गुंडाळून डब्यांत बसविलेली असते. हा डबा वीज क्षणभर सांठवितो व क्षणभरानें परत देतो. एवढेंच त्याचें काम. मात्र या देण्याघेण्याची वेळ मोटरच्या वेटोळ्याच्या वेळेशीं उलट पडते, आणि त्यांतच त्याचा सर्व उपयोग आहे.

आमच्या विहिरींवर हा डबा तीन निरनिराळ्या कामांसाठीं लावलेला दिसतो. सिंगल फेजच्या मोटरला तो फिरविण्यासाठीं लागतो. थ्री फेजच्या मोटरला तो विजेचा भार हलका करण्यासाठीं लावावयाचा असतो. आणि एक फेज बंद असतांना थ्री फेजची मोटर उरलेल्या दोहोंवर रेटण्यासाठींही तो वापरला जातो. या तिन्ही ठिकाणीं डब्याचें काम निराळें आणि तो बिघडला असतां मोटरवर होणारा परिणामही निराळा. हा भेद न ओळखतां उपाय करणें म्हणजे खोकल्याचें औषध तापाला देण्यासारखें आहे.

सिंगल फेजची मोटर

जात्याच्या खुंट्यास धरून हात सरळ रेषेंत केवळ पुढेंमागें हालवीत राहिलें तर जातें जागच्या जागीं डुगडुगेल, परंतु फिरणार नाहीं. तें फिरावें तर बाजूनेंही रेटा मिळावा लागतो. सिंगल फेजच्या विजेचें असेंच आहे. मोटरच्या मुख्य वेटोळ्यांत ती शिरली म्हणजे चुंबकाचा जोर एकाच रेषेंत पुढेंमागें होतो. त्यानें लाट थरथरते, पण फिरत नाहीं. म्हणून दुसरें वेटोळें देऊन त्याच्या मार्गांत कंडेन्सर घालतात. कंडेन्सरमुळें त्या वेटोळ्यांतील प्रवाह मुख्य प्रवाहाच्या थोडा पुढें धांवतो, बाजूचा रेटा मिळतो, आणि मोटर फिरूं लागते.

एक अश्वशक्तीच्या आसपासच्या पाणबुडी मोटरच्या पेटींत बहुधा दोन कंडेन्सर असतात. एक सुरू करतांना क्षणभर लागणारा. त्याचा आंकडा मोठा, ऐशींपासून दीडशें मायक्रोफॅरडपर्यंत, आणि तो कांहीं सेकंदांपलीकडे चालूं ठेवावयाचा नसतो. दुसरा सतत चालणारा. त्याचा आंकडा लहान, पण त्याला तासन् तास काम करावें लागतें व तो बहुधा ४४० व्होल्टांचा असतो. वीज २३० व्होल्टांची असतां डबा ४४० चा कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, मोटर चालत असतांना दुसऱ्या वेटोळ्यामुळें कंडेन्सरच्या दोन टोंकांमध्यें २३० पेक्षां पुष्कळ अधिक दाब उत्पन्न होतो. बाजारांत स्वस्त मिळतो म्हणून कमी व्होल्टांचा डबा आणणारा मनुष्य कांहीं रुपये वांचवून मोटर घालवितो.

सतत चालणारा कंडेन्सर एकाएकीं क्वचितच मरतो, तो झिजतो. पट्टीवर एखादें कमजोर ठिकाण फुटलें म्हणजे त्याभोंवतींचा धातूचा थर जळून तें ठिकाण आपोआप वेगळें पडतें. ही सोय चांगली खरी, परंतु प्रत्येक वेळीं थोडी शक्ति कमी होते. असें होतां होतां ३६ मायक्रोफॅरडचा डबा ३० वर येतो, मग २५ वर येतो. मोटर चालतच असते. परंतु ती उठावयास वेळ घेते, तिची पकड कमी होते आणि वेटोळें पूर्वीपेक्षां अधिक तापतें. अशांत एखाद्या दिवशीं दाब २३० वरून १८० वर उतरला म्हणजे तिचा जोर, दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत बदलणारा असल्यामुळें, सुमारें सहा आण्यांनीं घटतो. धडका कंडेन्सर असतां ज्या दाबावर मोटर कशीबशी उठली असती, तेथें झिजलेल्या कंडेन्सरवर ती अडून बसते. अडून बसलेली मोटर नेहमींच्या पांच ते सात पट प्रवाह ओढते, आणि संरक्षणाचा रिले योग्य नसेल तर मिनिटांच्या हिशेबानें वेटोळ्याचा लेप जळून जातो. सर्वांस दिसतें तें इतकेंच कीं, ‘दाब कमी आला आणि मोटर जळली.’ तिच्या जळण्याची तयारी महिनोन् महिने पेटींत चाललेली असते, ती कोणास दिसत नाहीं.

सुरू करणारा कंडेन्सर मात्र एकाएकीं जातो. तो तुटला तर मोटर गुंगुं करते व फिरत नाहीं. याउलट, त्याला वेळेवर तोडणारा स्विच किंवा रिले चिकटून राहिला तर तो सतत तापून फुगतो व फुटतो, पेटींत उग्र वास सुटतो, आणि त्याच्याबरोबर दुसरें वेटोळेंही जळतें. म्हणून तो कंडेन्सर फुटल्यास केवळ डबा बदलून भागत नाहीं. स्विच तपासावा लागतो, नाहीं तर नवा डबाही त्याच वाटेनें जातो.

मोटर गुंगुं करते तेव्हां

पुष्कळ शेतकरी या ठिकाणीं मोठा खर्च करून बसतात. पाणबुडी मोटर फिरेनाशी झाली कीं माणसें बोलावून ती दोनशें फूट खोल बोअरमधून वर काढतात, आणि मग कळतें कीं दोष वर ठेवलेल्या पेटींतच होता. क्रम उलट असावा. आधीं वीज, मग पेटी, आणि शेवटीं मोटर.

पहिल्यानें दाब पाहावा. तो मोटर चालूं करण्याच्या क्षणीं पाहावा, आधींचा नव्हे, कारण भार पडतांच तो उतरतो. दाब बरा असेल तर पेटी बंद करून, फ्यूज काढून, कंडेन्सर पाहावा. फुगलेलें टोपण, तेलाचा पाझर, काळवंडलेलीं टोंकें हीं दोषाचीं उघड चिन्हें होत. परंतु वरून धड दिसणारा डबाही आंतून झिजलेला असूं शकतो. म्हणून मायक्रोफॅरड मोजणारें मीटर ज्याच्याजवळ आहे अशा मिस्त्र्याकडून तो मोजून घ्यावा. डब्यावर बहुधा अधिकउणें ५ टक्के अशी सूट लिहिलेली असते. दहा टक्क्यांहून अधिक घट झाली असल्यास तो बदलावा. म्हणजे ३६ चा डबा ३२ च्या खालीं गेला कीं त्याची सेवा संपली.

चालत्या मोटरवरही हें पाहतां येतें, परंतु तें जाणत्या माणसाचें काम आहे. कंडेन्सरच्या तारेंतील प्रवाह क्लॅम्पमीटरनें व त्याच्या दोन टोंकांमधील दाब व्होल्टमीटरनें मोजावा. प्रवाहाच्या अँपियरांस ३१८३ नें गुणून व्होल्टांनीं भागलें म्हणजे मायक्रोफॅरड निघतात. समजा, प्रवाह ३.१ अँपियर व दाब ३२० व्होल्ट भरला; तर उत्तर सुमारें ३१ येतें. डब्यावर ३६ लिहिलेलें असेल तर त्याची एक सप्तमांश शक्ति गेली असें समजावें.

डबा चांगला निघाला तरच मोटरकडे वळावें. वाळू किंवा गाळ अडकून पंप जाम झाला असेल, बेअरिंग झिजलें असेल, अगर वेटोळेंच तुटलें असेल. या ठिकाणीं एक घातक चाल आम्हीं जागोजागीं पाहतों. पंप जड चालतो म्हणून त्याला ‘जोर’ देण्यासाठीं ३६ च्या जागीं ५० किंवा ७२ चा डबा लावतात. मोटर त्या दिवशीं उठतेही, आणि मालक खूष होतो. परंतु मोठ्या डब्यामुळें दुसऱ्या वेटोळ्यांत त्याच्या शक्तीबाहेर प्रवाह वाहतो व तें आंतल्या आंत करपतें. बैल लंगडत असतां कांटा न काढतां चाबूक मारण्यासारखाच हा प्रकार आहे. मोटरच्या पाटीवर जितके मायक्रोफॅरड लिहिले आहेत तितकेच लावावेत. व्होल्ट मात्र तितके किंवा अधिक चालतील, कमी चालणार नाहींत.

थ्री फेजची मोटर व शेजारधर्म

थ्री फेजच्या मोटरला फिरण्यासाठीं कंडेन्सर लागत नाहीं, आणि म्हणूनच त्याची सर्वांत अधिक उपेक्षा होते. जोडणीच्या वेळीं बसविलेला डबा बिघडला तरी मोटर चालतेच. मग मालक त्याच्या तारा तोडून टाकतो व ‘कांहीं फरक पडला नाहीं’ असें म्हणतो. फरक पडतो, फक्त तो त्याच्या एकट्याच्या विहिरीवर न दिसतां सर्व रोहित्रावर दिसतो.

मोटरला दोन प्रकारची वीज लागते. एक पाणी उपसण्याच्या कामीं खर्च होते. दुसरी केवळ चुंबक उभा करण्यासाठीं लागते, व ती खर्च होत नाहीं. मोटर ती उसनी घेते आणि परत करते, आणि हें उसनवार एका सेकंदांत शंभर वेळां चालतें. धनी लांब असला तर या येण्याजाण्यानें सर्व रस्ता भरून राहतो. शेजारींच असला तर रस्ता मोकळा राहतो. कंडेन्सर हा तो शेजारचा धनी होय. तो मोटरजवळ असला म्हणजे ही उसनी वीज तारांतून व रोहित्रांतून फिरत नाहीं.

आंकड्यांनीं पाहूं. पांच अश्वशक्तीची मोटर, कार्यक्षमता ८० टक्के धरली तर, सुमारें ४.६६ किलोवाट घेते. तिचा पॉवर फॅक्टर ०.७५ असला तर ४१५ व्होल्टांवर प्रत्येक तारेंतून सुमारें ८.६ अँपियर वाहतात. तिला २ केव्हीएआरचा कंडेन्सर लावला व तो पूर्ण काम देत असला तर पॉवर फॅक्टर ०.९१ होतो आणि प्रवाह ७.१ अँपियरवर येतो. तारांत उष्णतेनें होणारी नासाडी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत असल्यामुळें ती जवळजवळ एक तृतीयांशानें कमी होते. आतां हाच हिशेब रोहित्राला लावा. ६३ केव्हीएच्या रोहित्रावर कंडेन्सर नसलेल्या अशा १० मोटरी कशाबशा बसतात. कंडेन्सर असले तर १२ बसतात. आमच्या बहुतेक डीपींवर मंजुरीपेक्षां अधिक मोटरी चालतात हें उघड गुपित आहे. तेथें या दोन मोटरींचा फरक म्हणजे रोहित्र टिकणें किंवा जळणें यांतील फरक होय. आणि रोहित्र जळलें म्हणजे एकाचेंच नव्हे, साऱ्या शिवाराचें ओलीत दुसरें रोहित्र येईपर्यंत बंद पडतें.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेप्रमाणें साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस एप्रिल २०२४ पासून वीज मोफत आहे. तेव्हां कंडेन्सर लावला काय, न लावला काय, बिलांत फरक पडत नाहीं, असें कोणी म्हणेल. बिलांत पडत नाहीं हें खरें. पण दाबांत पडतो. लाइनीच्या टोंकावरच्या शेतकऱ्यास ज्या दिवशीं ३५० व्होल्टच मिळतात, त्या दिवशीं त्याच्या मोटरच्या जळण्यांत वरच्या प्रत्येक विहिरीवरील तोडून टाकलेल्या डब्याचा थोडा थोडा वांटा असतो. पाटाचें पाणी वरच्यानें फोडलें तर खालच्याचें शेत वाळतें, हें ज्यास समजतें त्यास हेंही समजण्यास अडचण नसावी. महावितरण दर रब्बी हंगामांत कंडेन्सर बसविण्याचें व ऑटोस्विच काढण्याचें आवाहन करतें तें याच कारणानें. वीज येतांच ऑटोस्विचमुळें सर्व मोटरी एकाच क्षणीं उठूं पाहतात, प्रत्येक पांच-सहा पट प्रवाह ओढते, दाब कोसळतो, आणि कोणतीच धड उठत नाहीं.

या डब्याचा दोषही ओळखतां येतो. ४१५ व्होल्टांवर २ केव्हीएआर देणाऱ्या डब्याच्या प्रत्येक तारेंत सुमारें २.८ अँपियर दिसले पाहिजेत. एका तारेंत पुरेसा व दुसऱ्यांत कमी दिसला तर आंतील तीनांपैकीं एक भाग गेला आहे. डब्यावर ४४० व्होल्ट लिहिलेले असतील तर कमी दाबावर त्याची शक्ति बरीच घटते, हेंही ध्यानांत ठेवावें. ४४० वर २ केव्हीएआर देणारा डबा ३५० वर सव्वाच देतो.

रिलेविषयींही सावध असावें. कंडेन्सर रिलेच्या पलीकडे, मोटरच्या टोंकांशीं जोडलेला असला तर रिलेस कमी झालेला प्रवाहच दिसतो. म्हणून रिलेचा आंकडा त्या मानानें खालीं आणावा. पुढें केव्हां तरी कंडेन्सर मेला म्हणजे प्रवाह वाढतो व रिले वारंवार मोटर बंद करूं लागतो. अशा वेळीं पुष्कळजण रिलेचा खटका वाढवून ठेवतात. ओरडणाऱ्या राखणदाराचें तोंड बांधण्यासारखेंच हें झालें. रिले तोडूं लागला तर तिन्ही फेजा आहेत ना, दाब किती आहे व कंडेन्सर जिवंत आहे ना, हें आधीं पाहावें. तसेंच, डबा मोठा तितका चांगला ही समजूत येथेंही चुकीची आहे. प्रमाणाबाहेर मोठा डबा मोटरशीं जोडला तर वीज बंद केल्यावर फिरत राहिलेली मोटर त्याच्या जोरावर स्वतःच दाब उत्पन्न करते व तो धोकादायक चढूं शकतो. पांच अश्वशक्तीस २, साडेसातीस ३ व दहास ४ केव्हीएआर हें प्रमाण साधारणपणें पुरेसें आहे. सौर पंपाच्या कंट्रोलरपुढें मात्र मोटरला कंडेन्सर मुळींच जोडूं नये. त्यानें कंट्रोलर बिघडतो.

दोन फेजांवर मोटर चालविणें

शेतीच्या लाइनीवर थ्री फेजची वीज ठराविक तासच मिळते. उरलेल्या वेळीं कंडेन्सरच्या आधारें थ्री फेजची मोटर दोन फेजांवर चालविण्याची चाल गांवोगांवीं आहे. उभें पीक डोळ्यांदेखत वाळत असतां शेतकरी असें कां करतो हें आम्ही जाणतों. त्याला नांवें ठेवण्यासाठीं हें लिहीत नाहीं. परंतु किंमत काय पडते तें त्यानें जाणून असावें. कंडेन्सर तिसऱ्या फेजची केवळ नक्कल करतो, आणि ती नक्कल एकाच ठराविक भारावर बरी उतरते. पाण्याची पातळी बदलली, दाब बदलला, किंवा डबा थोडा झिजला, कीं तिन्ही वेटोळ्यांतील प्रवाह असमान होतात आणि एक वेटोळें इतर दोहोंच्या वांट्याची उष्णता सोसतें. अशा मोटरकडून तिच्या शक्तीच्या दोन तृतीयांशांहून अधिक कामाची अपेक्षा धरूं नये. जळालेल्या मोटरचीं तीन वेटोळीं उघडलीं असतां एखादेंच काळें व बाकीचीं बरीं दिसलीं, तर तिच्या मरणाचें कारण विचारण्याची गरज नाहीं.

याहून गंभीर गोष्ट निराळीच आहे. अशा रीतीनें चालणाऱ्या मोटरच्या तिसऱ्या टोंकावर दाब उत्पन्न झालेला असतो. तें टोंक स्विचमधून लाइनीस जोडलेलेंच राहिलें, तर बंद समजल्या जाणाऱ्या तारेंत वीज उलट जाऊं शकते. त्या तारेवर काम करण्यास चढलेला वायरमन आपल्याच गांवचा, कोणाचा तरी मुलगा असतो. पीक पुढच्या वर्षीं पुन्हां येतें. मनुष्य येत नाहीं.

कंडेन्सर टिकावा कसा?

कंडेन्सरचा पहिला शत्रु उष्णता. सर्वसाधारण अनुभवाचा नियम असा कीं, उष्णता दहा अंशांनीं वाढली कीं त्याचें आयुष्य सुमारें निम्म्यावर येतें. नागपूरचा उन्हाळा सर्वश्रुत आहे. २३ मे २०१३ रोजीं येथें पारा ४७.९ अंशांवर गेला होता. उन्हांत टांगलेल्या पत्र्याच्या पेटीच्या पोटांत याहून किती अधिक तापतें, हें दुपारीं तिला हात लावणाऱ्यास सांगावयास नको. म्हणून पेटी सावलींत, छपराखालीं, हवा खेळती राहील अशी बसवावी. डबा घेतांना त्यावरील आंकडे वाचावेत. २५/७०/२१ असें लिहिलें असेल तर तो ७० अंशांपर्यंतचा. २५/८५/२१ असेल तर ८५ अंशांपर्यंतचा. आमच्या भागांत दुसराच घ्यावा. मोटरच्या कंडेन्सरवर आय. एस. २९९३ व थ्री फेजच्या पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या डब्यावर आय. एस. १३३४० हें भारतीय मानकाचें चिन्ह पाहून घ्यावें.

दुसरा शत्रु चढा दाब. रात्रीं बहुतेक मोटरी बंद असतां लाइनीचा दाब चढतो, व डब्यावरील ताण त्याच्या वर्गानें वाढतो. म्हणून कंडेन्सर स्टार्टरच्या पुढें, मोटरच्या बाजूस जोडलेला असावा. म्हणजे मोटर बंद होतांच तोही सुटतो. तिसरा शत्रु सैल जोड. ढिला स्क्रू ठिणग्या टाकतो, टोंक जळतें, आणि दोष डब्याचा समजला जातो. चौथा शत्रु जीवजंतु. पालीनें किंवा मुंग्यांनीं पेटींत घर केलें कीं दोन टोंकांचा मेळ होण्यास वेळ लागत नाहीं. पेटीचीं भोकें बंद ठेवावीं.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटीं देतों. वीज बंद केली म्हणजे कंडेन्सर रिकामा झाला असें नाहीं. तो सांठविलेला जोर कांहीं काळ धरून ठेवतो, आणि अशा डब्यास हात लावणारा मनुष्य जोराचा धक्का खाऊन विहिरींत पडल्यास नवल नाहीं. स्क्रू-ड्रायव्हरनें टोंकें जुळवून ठिणगी काढण्याची मिस्त्र्यांची रीत डब्यासही वाईट व डोळ्यांसही वाईट. स्विच बंद करून, फ्यूज काढून, पांच मिनिटें थांबावें. मग साधा १०० वाटांचा तारेचा दिवा होल्डरांत घालून त्याच्या दोन तारा डब्याच्या दोन टोंकांस क्षणभर लावाव्यात, आणि त्यानंतरच हात घालावा. थ्री फेजच्या डब्यास टोंकें तीन असतात. तेथें जोडीजोडीनें तिन्ही वेळां असें करावें.

खरिपाचें ओझें उतरून रब्बीचें ओलीत सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकानें एक दिवस आपल्या पेटीस द्यावा. डबा मोजून घ्यावा, जोड आवळावेत, मोजलेला आंकडा व तारीख पेटीच्या झाकणावर आंतून लिहून ठेवावी. पुढच्या वर्षींच्या आंकड्याशीं तो ताडून पाहिला म्हणजे डबा किती झिजला हें कोणास विचारावें लागणार नाहीं. एका रोहित्रावरील शेतकऱ्यांनीं हें काम एकाच दिवशीं, एकच मिस्त्री बोलावून, वर्गणीनें केलें तर खर्च थोडा पडेल, कोणाचा डबा तुटला आहे तें सर्वांस कळेल, आणि टोंकावरच्या शेतांतही दाब पोंचेल. विहीर आपापली असली तरी तार सर्वांची एक आहे, हें आमच्या शेतकरी बंधूंनीं मनांत धरावें.